आपली शेळी कशी ओळखता?

मी पालमहून बोलतेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला बैठकीत हिशोब विचारणारी ताई म्हणून ओळखतात. आज हिशोब नाही. आज लेकरांच्या निबंधाबद्दल बोलायचंय, आणि मिशांबद्दल. हसू नका, खरंच मिशांबद्दल.

सुरुवात एका वहीपासून करते. मागच्या हिवाळ्यात एका गावात बैठकीला मी जरा लवकर पोचले. बाया अजून रानातून यायच्या होत्या, कापूस वेचणी चालू होती. ज्या घरच्या ओट्यावर बैठक होती तिथं चौथीतली एक पोर वही उघडून बसली होती. मी सहज वही हातात घेतली. ‘माझी आई’ असा निबंध होता. माझी आई खूप प्रेमळ आहे. ती रोज सकाळी लवकर उठते. ती मला गरमागरम डबा करून देते. ती माझा अभ्यास घेते. मला माझी आई खूप खूप आवडते. अक्षर अगदी नीटस, रेघ सोडून गेलेलं नाही. खाली लाल पेनानं ‘छान’.

आता त्या पोरीची आई त्या दिवशी कुठं होती? ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळीबरोबर गेलेली, ती पाडव्याच्या आसपास परत यायची. पोर आजीजवळ राहते. गरम डबा कुणी देत नाही, दुपारी शाळेत खिचडी असते. मी विचारलं, “हे कुठून लिहिलंस गं?” म्हणाली, “निबंधाच्या पुस्तकातून.” म्हटलं, “पण तुझी आई तर इथं नाही.” तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. “ताई, परीक्षेत असंच लिहावं लागतं.”

मी तिला रागवू कुठल्या तोंडानं? मी स्वतः बी.ए. केलं ते नोट्स पाठ करून. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मी शाळेत निदान सहा वेळा लिहिला असेल, आणि सहाही वेळा त्यात मोर नाचला. आमच्या शिवारात पाऊस पडला की आधी छताला लावायला ताडपत्री शोधावी लागायची आणि लेंडीला पाणी आलं की पलीकडच्या गावांचा रस्ता बंद. ते एकदाही लिहिलं नाही. ते लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आणि आपली इतिवृत्ताची वही तरी काय वेगळी आहे? ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषयांवर सविस्तर चर्चा झाली.’ त्या दिवशी दोघी कर्जाच्या हप्त्यावरून भांडलेल्या असतात, एकजण रडलेली असते, आणि वहीत काय? सविस्तर चर्चा झाली. असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

त्या दिवशी बाया आल्यावर मी वहीची गोष्ट काढली. एक काकू म्हणाल्या, “ताई, आम्हाला कुठं लिहिता येतंय, आम्ही लेकरांना निबंध कसा शिकवावा?” त्यांच्याकडं शेळ्या आहेत. मी विचारलं, “काकू, संध्याकाळी गावातली सगळी शेरडं एका वाटेनं येतात. चाळिसेक तरी असतील, निम्मी काळी. तुम्ही तुमची कशी ओळखता?”

काकूंनी विचारसुद्धा केला नाही. म्हणाल्या, “माझी उजवा कान झाडत चालती. पोळीच्या पिठाचं बोट लागावं तसा कपाळावर पांढरा ठिपका हाय. अन् ती कळपात मधी चालत नाही, कडेकडेनं चालती, भिंतीला घासत.”

बाकीच्या बायांनी माना हलवल्या, त्यांनाही ती शेळी माहीत होती. मी म्हटलं, काकू, हेच वर्णन. शाळेत ज्याला वर्णनात्मक लेखन म्हणतात ते तुम्ही आत्ता तोंडानं केलंत. माझी शेळी खूप छान आहे, ती उपयुक्त प्राणी आहे, ती दूध देते, असं तुम्ही म्हटलं असतं तर चाळिसातली कुठलीही शेळी तुमच्या दारात आणून बांधता आली असती.

हे काही हौसेचं काम नाही बरं का. ज्यांनी म्हशीचा विमा काढलाय त्यांना आठवेल. जनावरांचे डॉक्टर कानात बिल्ला मारतात आणि दाखल्यावर लिहितात: रंग कसा, शिंगं कशी, शेपटीचा गोंडा कसा, अंगावर खूण कुठं. ‘म्हैस चांगली आहे’ असं लिहून विमा मिळत नाही. हीच म्हैस, दुसरी नाही, हे कागदावर उतरवावं लागतं.

आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या संत जनाबाई. जन्म तिथला, आयुष्य गेलं पंढरपुरात नामदेवांच्या घरी. त्यांची एक गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. कबीर त्यांना भेटायला आले तर जनाबाई दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होत्या. गोवऱ्या सगळ्या सारख्याच दिसणार, कुणाच्या कोणत्या ठरवायचं कसं? जनाबाई म्हणाल्या, कानाला लावून बघा, जिच्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी. कीर्तनकार ही गोष्ट भक्तीसाठी सांगतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात गोवऱ्या थापलेल्या बाईचा हात दिसतो. तुमच्यापैकी जी गोवऱ्या थापते तिला विचारा, आपली गोवरी ओळखू येते की नाही. बोटांचे ठसे असतात तिच्यावर. एकीचा पंजा पसरट, एकीची करंगळी टेकत नाही.

तर ही नजर आपल्याकडं आहे. लेकरांकडं तर आपल्यापेक्षा जास्त आहे. ती वहीपर्यंत पोचत नाही, मधे निबंधाचं पुस्तक आडवं येतं. मग मी काय केलं, तर दुसरं पुस्तक आणलं.

त्याचं नाव ‘बाबांच्या मिशा’. लिहिलंय माधुरी पुरंदरे यांनी. पुण्याच्या आहेत, लेखिका आणि चित्रकारही. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘राधाचं घर’, ‘चित्रवाचन’, ‘वाचू आनंदे’, ‘लिहावे नेटके’ ही त्यांची पुस्तकं तुमच्या शाळेच्या कपाटात कदाचित असतीलही, कुलूप उघडून बघायला सांगा. ‘बाबांच्या मिशा’ हे प्रथम बुक्सचं छोटं चित्रांचं पुस्तक आहे. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा शनिवारी फोनवर गोष्ट यायची, ‘गोष्टींचा शनिवार’ म्हणून, आठवतंय का? ती त्यांचीच पुस्तकं. त्यांचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ 2015 पासून आहे, तिथं मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. म्हणजे गावात रेंज नसली तरी पालमला आल्यावर फोनमध्ये घेऊन ठेवायची.

पुस्तकातल्या मुलीचं नाव अनू. तिला बाबा आवडतात, आणि बाबांमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर मिशा. मग तिचं लक्ष ज्याच्या त्याच्या मिशांकडं जातं. एवढंच. त्यात उपदेश नाही. प्रत्येक माणूस निराळा असतो बाळांनो, असं कुणी सांगत बसत नाही. चित्रं बघता बघता लेकराला ते आपोआप कळतं.

एका रविवारी देवळाच्या सभामंडपात एकोणीस लेकरं जमली. तिसरी ते सहावी. गोष्ट दोनदा वाचली, फोन हातोहात फिरवला. मग म्हटलं, आता आपापल्या घरच्या मिशा सांगा. बाया कडेला बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. पहिलं लेकरू म्हणालं, “मोठ्या.” दुसरं, “काळ्या.” तिसरं, “मोठ्या आणि काळ्या.” मी विचारलं, “गावात मोठ्या काळ्या मिशांची माणसं किती?” म्हणाली, “लई!” “मग त्यातले तुझे बाबा मी कसे ओळखू?”

इथून गाडी रुळावर आली. एकजण म्हणाला, आमच्या बापूच्या मिशा खराट्यावाणी आहेत, पाणी पिले की थेंब लटकतात. दुसरी म्हणाली, माझ्या मामाच्या मिशीत एकच पांढरा केस आहे, तो उपटला तरी परत येतो. एक बारकी पोर, तिसरीतली, बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, बाबा हसतात तेव्हा दात दिसत नाहीत, मिशा वर जातात, मग कळतं हसले. तिची आई शेजारी बसलेली. ती मला नंतर म्हणाली, “बारा वर्षं झाली लग्नाला ताई, मी कधी बघितलंच नाही.”

आणि त्याच दिवशी माझी एक चूक झाली, तीही सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एक मुलगी उठून मागं जाऊन बसली. तिचे वडील वारलेत. मला माहीत होतं, पण मिशांच्या नादात मी विसरले. तिला जवळ घेतलं तर म्हणाली, “फोटोतल्या सांगू का?” तिनं फोटोतल्या मिशा सांगितल्या, इतक्या बारकाईनं की सगळी लेकरं गप्प झाली. तरी चूक ती चूकच. तेव्हापासून मी ‘बाबा’ किंवा ‘आई’ असा विषय देत नाही. घरातलं कुणीही एक माणूस, असं म्हणते. पुढं तर मी ‘हात’ हाच विषय धरला. घरातल्या कुणाचेही हात. मिशा सगळ्यांच्या घरी नसतात, हात असतात.

पद्धत म्हणाल तर फार नाही. आधी बघायचं, मग बोलायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. बघायला पुरा एक दिवस द्यायचा. घरी जा, आजीचे हात बघा, काम करताना बघा, उद्या सांगा. सांगताना आईनं फक्त विचारायचं: म्हणजे कसं? कशासारखं? कधी तसं होतं? आणि सुरुवातीला चार शब्दांना बंदी घालायची: छान, सुंदर, प्रेमळ, खूप. हे शब्द वाईट नाहीत, पण ते आधी आले की लेकरू पुढं बघायचं थांबतं. आई प्रेमळ आहे, तर तू कशावरून म्हणतोस, ते सांग. ते सांगितलं की ‘प्रेमळ’ लिहायची गरजच पडत नाही बहुतेक वेळा. ज्यांना लिहिता येत नाही त्या आयांनीसुद्धा हे विचारावं, त्यांनी तर जास्तच विचारावं. लिहिता येणारी आई लगेच वाक्य सांगून मोकळी होते. मी तेच करते, जीभ आवरत नाही.

उपमा घरातल्या, रानातल्या येऊ द्या. गालाला गुलाबाची पाकळी म्हणणारं निबंधाचं पुस्तक असतं; आपल्या पोरीनं गुलाब पाहिलाय तो बाजारात, सत्काराच्या गुच्छात. तिला जोंधळ्याचं कणीस माहीत आहे, तूर माहीत आहे, तव्यावर फुगलेली भाकर माहीत आहे.

आता एक अवघड गोष्ट. माणसाचं वर्णन करायला सांगितलं की लेकरं आधी काय धरतात? उणं. आपल्या गावात माणसांची नावंच तशी पडतात, लंगडा अमका, बहिरी तमकी. मग वर्णन आणि चिडवणं यात फरक कसा करायचा? मला याचं पाठ उत्तर येत नव्हतं. एका पोरानं मला ते दाखवलं.

त्यानं आजोबांवर लिहिलं होतं आणि पहिलंच वाक्य होतं, माझ्या आजोबांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. त्याची आजी आपल्याच गटातली. ती उठून उभी राहिली. “ताई, आमच्या माणसाचं उणं कामून लिहायला लावलं? अन् चारचौघांत वाचायलात?” मी घाबरले. गटातली जुनी बाई, तिनं मन काढून घेतलं तर सगळंच मोडलं असतं. मी म्हटलं, “माय, त्याला पुरं वाचू द्या, मग मला बोला.” पोरानं वाचलं. बाजारात जाताना मी आजोबांच्या डाव्या बाजूनं चालतो. त्या बाजूनं गाडी आली तर त्यांना कळत नाही. मी आहे का नाही हे ते माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखतात, म्हणून मी चप्पल घासत चालतो.

आजी खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “म्हनूनच याच्या चपला दोन म्हयन्यात झिजत्यात.” घरात त्यावरून तो मार खात होता.

तेव्हापासून एकच दंडक ठेवलाय. ज्याच्यावर लिहिलं त्याला ते समोर बसवून वाचून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर ते फाडायचं आणि पुन्हा बघायला जायचं.

तुम्ही विचाराल, मार्कांचं काय? बरोबर आहे विचारणं. परीक्षेत पुस्तकातल्यासारखं लिहिणाऱ्याला मार्क मिळतात, हे मी नाकारत नाही. पण पाठ केलेला विषय आला नाही तर ते लेकरू कोरा कागद देतं. बघून लिहिणाऱ्याला कुठलाही विषय चालतो. बालभारतीच्या पुस्तकातही चित्र दाखवून वर्णन करायला सांगतात, ते याचसाठी. आणि बोली? आपली लेकरं ‘करायलीय’, ‘जायलाय’ असं बोलतात आणि तसंच लिहितात. माझं मत असं की पहिल्यांदा तसंच लिहू द्यावं. दुसऱ्यांदा वही कोरी करताना ‘करत आहे’ करायला पाच मिनिटं लागतात. पण पहिल्यांदाच लाल पेन फिरलं तर लेकरू पुन्हा निबंधाच्या पुस्तकाकडं पळतं. याबाबत काही गुरुजींचं माझ्याशी पटत नाही. एका गुरुजींनी मात्र हे वर्गात करून बघितलं आणि लेकरांचे कागद भिंतीला लावले.

आता सुरुवातीच्या त्या पोरीबद्दल. तिला आणि तिच्या आईला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही. ‘हात’ हा विषय दिला तेव्हा जानेवारी होता, आई अजून कारखान्यावर, कोपीत. बाकीची लेकरं बघायला घरी गेली. ही बसून राहिली. म्हणाली, मी कुणाचे बघू? म्हटलं, आजीचे बघ. नाही म्हणाली, मला आईचेच लिहायचेत. दुसऱ्या रविवारी तिनं कागद दिला. त्यातलं थोडं वाचते.

“माझी आई ऊस तोडायला गेली आहे. रात्री फोन येतो. फोनमध्ये तिचं तोंड दिसतं, हात दिसत नाहीत. तिच्या डाव्या हाताला अंगठ्याजवळ कोयत्याचा वण आहे. तो जोंधळ्याच्या दाण्याएवढा आहे. तिच्या बोटांना भेगा आहेत म्हणून वेणी घालताना माझे केस अडकतात आणि दुखतं. आजी वेणी घालती तेव्हा दुखत नाही. पण ती वेणी दुपारपर्यंत सुटती.”

गरमागरम डब्याचं नाव नव्हतं. मी तो कागद परत दिला आणि जपून ठेव म्हटलं.

पाडव्याला आई आली. कागदाची गोष्ट तिच्या कानावर आजीनंच घातली. बैठकीत तिनं पोरीला पुढं बोलावलं आणि म्हणाली, “वाच, मला बी ऐकू दे.” पोरीनं वाचलं. आई स्वतःच्या हाताकडं बघत बसली. मग एवढंच म्हणाली, “आडकतो व्हय गं? सांगायचं नाही का?”

आता शाळा सुरू झाल्यात. दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा निघतील, तोवर ज्या घरी आहेत त्यांनी चार रविवार काढावेत एवढीच विनंती. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे, त्याखाली इतिवृत्तात हे लिहा, आणि या वेळी ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहू नका. कोण काय बोललं ते लिहा. फोनमध्ये पुस्तक घ्यायला जमलं नाही तर मला बैठकीत सांगा, मी घेऊन देईन.

परवा ती पोर वाटेत भेटली. वेणी घट्ट होती. मी विचारलं, “अडकतात का अजून केस?” म्हणाली, “आई आता हाताला तेल लावून घालती. तरी अडकतात.” म्हटलं, हेही लिहून ठेव.